अवजार कीं हत्यार?

सेलूचें स्टेशन मागें टाकून दुधनेच्या अंगास निघालें म्हणजे काळ्या जमिनीचा सपाट मुलूख लागतो. त्या मुलखांतील एका गांवीं आमचें वर्षांतून चार-सहा वेळां जाणें होतें. गांवाचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. तेथील वस्तींत आपल्या मंडळीचीं बारा-चौदा घरें आहेत, व त्यांपैकीं एक घर एका वृद्ध पेन्शनर शिपायाचें आहे. फौजेंत त्यांनीं वीस वर्षांवर नोकरी केली. सारी वस्ती त्यांस हवालदार आबा म्हणते. आम्हीही तसेंच म्हणतों.

२०२४ सालच्या पावसाळ्याच्या अखेरीस आम्ही एका तरुण उपदेशकांसह त्यांच्या ओट्यावर बसलों होतों. आबांनीं एक जुनें वर्तमानपत्र पसरलें होतें, आणि त्यावर आपलें रिव्हॉल्व्हर उघडून ठेवून शिवणयंत्राच्या तेलानें तें पुसण्याचें त्यांचें काम चाललें होतें. घरांतील बाई पलीकडे तुरीची डाळ निवडीत होत्या. दोन्ही कामें सारख्याच निवांतपणें चाललीं होतीं. आमच्या उपदेशकांस मात्र तें सहन झालें नाहीं. प्रार्थनेची वेळ, घरांत पवित्र शास्त्र, आणि त्याच्या शेजारीं हें काय, असें ते कांहींशा कडक स्वरांत बोलून गेले. आबा रागावले नाहींत. ते उठून आंत गेले, आढ्यास खोंचलेला विळा व कोपऱ्यांतील कुऱ्हाड घेऊन आले, आणि तीनही वस्तु वर्तमानपत्रावर ओळीनें मांडून आमच्याकडे पाहूं लागले.

"पाळकसाहेब," ते म्हणाले, "इळ्याला लायसन न्हाई, कुऱ्हाडीला न्हाई. ह्याला मात्र लागतं. पण ह्या तिघांत माणसाचं रगत जास्त कुणी सांडलंय, तेवढं तुम्हीच सांगा."

आम्ही त्या वेळीं इतकेंच म्हणालों कीं, आबा, याचें उत्तर आम्ही विचार करून देऊं. तें उत्तर लांबत गेलें. आमच्या वाचकांत रिव्हॉल्व्हर बाळगणारा क्वचितच कोणी असेल. परंतु पिकाच्या राखणीसाठीं ठासणीची बंदूक ठेवणारे कांहीं असतील, आणि उशाखालीं कोयता घेऊन निजणारे तर पुष्कळच असतील. म्हणून हा प्रश्न आबांच्या एकट्याच्या ओट्यावर न ठेवतां सर्वांपुढें मांडीत आहों.

प्रथम त्या वस्तूविषयीं. कानपूरच्या सरकारी कारखान्यांत बनलेलें ०.३२ बोराचें, सहा घरांचें तें एक साधें रिव्हॉल्व्हर आहे. फौजेंतून परत आल्यावर आबांनीं परवाना काढून तें घेतलें. त्यास आतां तीस वर्षें होत आलीं. नळीवरचा काळसर निळा रंग जागोजागीं उडून खालचें पांढुरकें लोखंड दिसूं लागलें आहे. मुठीचें लांकूड तळहाताच्या घामानें गुळगुळीत झालें आहे. परंतु चकरी अजून नीट फिरते, आणि आबांच्या सांगण्याप्रमाणें त्यानें त्यांस एकदांही दगा दिलेला नाहीं. या तीस वर्षांत त्यानें काय काय केलें, याचा हिशोब आबांस तोंडपाठ आहे. कडब्याच्या गंजींत निघालेले तीन नाग. विहिरीच्या काठावरून घसरून मागचे दोन्ही पाय मोडलेला एक बैल. एक पिसाळलेलें कुत्रें. आणि सुगीच्या दिवसांत रानडुकरांस हुसकावण्यासाठीं आभाळाकडे तोंड करून उडविलेले बार. तेही फार नव्हेत, कारण काडतुसें महाग, आणि वर्षास कितीं घ्यावयाचीं तो आंकडा परवान्यावर लिहिलेला असतो. माणसावर तें त्यांनीं कधीं रोखलें नाहीं.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें नाग मारणें हा गुन्हा आहे, व स्वसंरक्षणासाठीं दिलेल्या परवान्यावर आभाळांत बार काढीत बसणें कायद्यास मान्य नाहीं, हें आम्ही आबांस त्याच वेळीं सांगितलें. त्यांनीं मान हालविली. ती होकाराची होती कीं नुसती ऐकल्याची, हें आम्हांस कळलें नाहीं.

आतां न्यायानें बोलावयाचें तर आबांच्या म्हणण्यांत तथ्य पुष्कळ आहे. बांधाच्या किंवा भावकीच्या भांडणावरून आसपासच्या गांवीं जे खून झाल्याचें आमच्या कानीं आलें, त्यांत कुऱ्हाड होती, कोयता होता, काठी व दगड होते; रिव्हॉल्व्हर एकाही ठिकाणीं नव्हतें. आपली भाषाही आबांच्याच बाजूची आहे. सुतार आपल्या रंध्यास व पटाशीस हत्यारें म्हणतो, आणि खुनाच्या पंचनाम्यांतही तोच शब्द लिहितात. खंडेनवमीस गांवांत विळा, कोयता, कुदळ आणि ज्याच्या घरीं असेल त्याची तरवार एकत्र मांडून पूजितात. त्या पूजेशीं आपणांस कर्तव्य नाहीं. परंतु शेतकऱ्याच्या मनांत लोखंडाच्या दोन जाती नाहींत, एवढें तींवरून दिसतें.

राज्यकर्त्यांसही हें पूर्वींपासून ठाऊक आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकांत पलिष्ट्यांनीं इस्राएलांत एकही लोहार राहूं दिला नाहीं, अशी हकीकत आहे. त्यामुळें फाळ, कुदळ, कुऱ्हाड पाजळावयाची झाली तरी शत्रूच्या भट्टीवर जाऊन पैसे मोजावे लागत, आणि लढाईच्या दिवशीं राजा व राजपुत्र यांवांचून कोणाच्या हातीं तरवार नव्हती. जी भट्टी फाळ तापविते तीच भाल्याचें पातेंही तापविते, हें पलिष्ट्यांनीं ओळखलें होतें. १८७८ सालीं इंग्रज सरकारनें हिंदुस्थानांत शस्त्रांचा कायदा केला, त्यांतही हीच भीति होती. देशी माणसास परवाना लागे, युरोपियनास लागत नसे. हा उघड पंक्तिभेद पहिल्या महायुद्धानंतर काढला गेला. आपला मराठवाडा तेव्हां निजामाच्या राज्यांत होता, म्हणून त्या कायद्याची झळ येथें सरळ लागली नाहीं. स्वतंत्र भारताचा कायदा १९५९ चा. त्यांत तर पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठीं ठासणीची बंदूक मागणाऱ्या नागरिकास परवाना द्यावा, असें स्पष्ट शब्दांत लिहिलें आहे. म्हणजे बंदूक हें शेतीचें एक साधन होऊं शकतें, ही गोष्ट कायद्यासही मान्य आहे. मग आमच्या तरुण उपदेशकांनीं आबांस दोष कां द्यावा?

त्या दिवशीं वाटेनें परत येतांना उपदेशकांनीं आम्हांस पेत्राच्या तरवारीची आठवण दिली. ती योग्यच होती. परंतु ती आठवण त्यांना वाटते त्याहून अधिक खोल जाते. बागेंत पेत्रानें जें शस्त्र उपसलें, त्यास मूळ ग्रीक भाषेंत जो शब्द आहे, त्याचा अर्थ आंखूड तरवार असाही होतो व मोठी सुरी असाही होतो. पेत्र कोळी होता. जाळ्याची दोरी कापावयास व मासळी साफ करावयास कोळ्याजवळ सुरी असणें यांत नवल तें काय? ती तशी सुरी असेल, तर आबांचें रिव्हॉल्व्हर व पेत्राची सुरी हीं एकाच पंक्तींत बसतात. रोज निरुपद्रवी काम करणारी वस्तु भयाच्या एका क्षणीं हातास लागली, आणि हात तिला घेऊन पुढें झाला. आणि वार लागला कोणास? महायाजकास नव्हे, शिपायांच्या नायकास नव्हे, एका दासास. भीतीनें उगारलेला हात बहुधा अशाच कोणावर पडतो. तो कान बरा करणारा तेथेंच उभा होता, म्हणून ती गोष्ट तेथें थांबली. त्या भरवशावर आपण कोणीं शस्त्र चालवूं नये.

परंतु यावर आबा म्हणतील कीं, पाळकसाहेब, ही गोष्ट सुरीची झाली. मग सुरीसुद्धां टाकावयाची काय? म्हणून भेद कोठें आहे तो शोधलाच पाहिजे.

पिस्तूल हें खरोखर रोजचें अवजार म्हणून ज्या देशांत वापरलें गेलें तो देश अमेरिका. तेथील गुराखी पश्चिमेच्या माळरानांत शेंकडों गुरें हांकीत नेत, आणि त्यांच्यापैकीं पुष्कळांच्या कमरेस रिव्हॉल्व्हर असे. पाय मोडलेल्या घोड्याची सुटका करण्यास, सापास मारण्यास, उधळलेला कळप बार काढून वळविण्यास त्याचा उपयोग होई. आबांचा हिशोब व त्यांचा हिशोब फारसा वेगळा नाहीं. १८७३ सालीं अमेरिकन फौजेनें कोल्ट कंपनीचें जें रिव्हॉल्व्हर घेतलें, त्यास पुढें लोकांत 'पीसमेकर' असें नांव पडलें. त्या शब्दाचा अर्थ शांति करणारा असा आहे. डोंगरावरील उपदेशांत जो शब्द धन्य ठरलेल्या माणसांस लाविला आहे, तो लोकांनीं एका यंत्रास लावावा, याची आम्हांस गंमतही वाटते आणि खेदही वाटतो. असो. आम्हांस सांगावयाचें तें दुसरेंच. त्या रिव्हॉल्व्हरास घरें सहा असत, परंतु जाणते गुराखी त्यांत काडतुसें पांचच भरीत. कारण घोडा ज्या घरावर टेकलेला असे तेथें काडतूस असलें, तर नुसतें जमिनीवर आपटल्यानेंही बार होई. ज्यांनीं त्यास सर्वांत अधिक अवजार मानलें, त्यांनींच त्याचा एक षष्ठांश भाग भीतीपोटीं रिकामा ठेविला. विळ्याच्या बाबतींत कोणी असें करीत नाहीं.

विळ्यानें किंवा कुऱ्हाडीनें माणूस मारावयाचा तर माणसाच्या जवळ जावें लागतें. हात वर न्यावा लागतो. समोरच्याचें तोंड दिसतें, त्याचा आवाज कानीं पडतो, आणि तेवढ्यांत कोणाची तरी आई मध्यें येऊन मनगट धरते. उगारलेली कुऱ्हाड तशीच खालीं आलेली आम्ही या डोळ्यांनीं दोनदां पाहिली आहे. एकदां तर मध्यें पडलेली बाई मारणाऱ्याच्या घरची नव्हती, मार खाणाऱ्याच्या घरची होती. तरीही त्यानें तिला ढकललें नाहीं. रिव्हॉल्व्हरास बोटाच्या एका पेराचें बळ पुरतें, आणि राग व कृति यांच्यामध्यें तिसऱ्या माणसास उभें राहण्यास जागाच उरत नाहीं. आमच्या मतें भेद आहे तो येथें. लोखंड दोहोंचें सारखेंच आहे. पण एक वस्तु शेजाऱ्यास मध्यें येऊं देते, दुसरी येऊं देत नाहीं.

याशिवाय अंधाराची गोष्ट आहे. पिकाची राखण रात्रींची असते. मोशेच्या नियमशास्त्रांत रात्रीं घर फोडणाऱ्या चोरास मारणें आणि सूर्य उगवल्यावर मारणें यांत भेद केला आहे. अंधारांत घाबरलेल्या माणसास तेथें क्षमा आहे. तो भेद दयेचा आहे, परंतु अंधारांत काय दिसतें याची ग्वाही तो देत नाहीं. २०२५ सालच्या आरंभीं पालघर जिल्ह्यांत रानडुकराच्या शिकारीस कांहीं गांवकरी जंगलांत गेले होते. त्यांतील एकानें झुडपांत हालणारा आपलाच सोबती डुक्कर समजून त्यास गोळी घातली, व तो सोबती मेला. गोफणीचा दगड अंधारांत चुकला तर माणूस ओरडतो, आणि ओरडल्यावर कळतें कीं हा माणूस आहे. आबांच्या रिव्हॉल्व्हराविषयीं आणखी असें कीं, त्याची बारीक गोळी मोठ्या डुकरास बहुधा ठार करीत नाहीं, जखमी करून सोडते. आणि जखमी डुक्कर सकाळीं कोणाच्या वाट्यास येईल, तें सांगतां येत नाहीं. त्यांनीं तें डुकरावर कधीं झाडलें नाहीं, हें त्यांचें शहाणपण आहे.

आणि वारशाचें काय? आबांचा तीस वर्षांचा संयम आम्ही डोळ्यांनीं पाहत आहों. परंतु ती वस्तु जितकी भरवशाची, तितकी ती आबांहून अधिक दिवस टिकणार. परवाना वारसास आपोआप मिळत नाहीं, नवा अर्ज करावा लागतो. तरी अर्जांत संयमाचा रकाना नाहीं. ३० जानेवारी १९४८ रोजीं दिल्लींत ज्या पिस्तुलांतून तीन गोळ्या सुटल्या व गांधीजींचा अंत झाला, तें इटलींत बनलेलें बेरेट्टा जातीचें पिस्तूल होतें. कोणा अनोळखी कारागिरानें तें केलें. तें जुनें, वापरलेलें पिस्तूल हातोहात फिरत ग्वाल्हेरीस आलें, व तेथून मारेकऱ्याच्या हातीं पडलें. आधींच्या धन्यांपैकीं कोणी तें निव्वळ राखणीसाठींही ठेविलें असेल. त्या धन्याचा हेतु त्या पिस्तुलाबरोबर दिल्लीस गेला नाहीं.

एवढें झाल्यावर आम्ही आबांच्या हिशोबाकडे पुन्हां पाहिलें. नाग, बैल, डुकरें. हीं कामें पूर्वीं कशीं होत? गंजींत साप निघाला कीं आरडाओरड होई, आणि आळींतलीं माणसें काठ्या व कंदील घेऊन धांवत. अलीकडे तर मोबाइलवरून सर्पमित्रास बोलावितां येतें. तो नाग पकडून रानांत सोडून देतो, आणि नागही वांचतो. बैल पडला तर आठ-दहा माणसें दोर व वासे लावून त्यास उठवीत. न उठला तर गुरांच्या डॉक्टरास आणीत, आणि जें करावयाचें तें तो करी. डुकरांसाठीं साऱ्या शिवाराची राखण असे. बांधोबांधीं माळे, हातांत गोफणी, जवळ रिकामे डबे. एकानें आरोळी द्यावयाची व पुढच्यानें ती झेलून त्याच्या पुढच्याकडे पाठवावयाची. आतां कोणी जुन्या साड्यांचें कुंपण लावितो, कोणी झटका देणारें यंत्र बसवितो. कित्येक तर तारेंत घरची वीज सोडतात, आणि सकाळीं तेथें डुकराऐवजीं शेजारी मरून पडलेला सांपडतो. हें पाप रिव्हॉल्व्हराहून लहान आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. नुकसान झालें तर वनखात्याकडे अर्ज करून भरपाई मागतां येते, परंतु अर्जानें पोट तत्काळ भरत नाहीं, हेंही खरें आहे.

आमच्या ध्यानांत जें आलें तें असें. रिव्हॉल्व्हर जीं कामें करतें तीं सर्व पूर्वीं शेजारी करीत. तें धन्यास सापापासून किंवा डुकरापासून वांचवितें, त्याहून अधिक तें त्यास हाक मारण्यापासून वांचवितें. ज्याच्यापाशीं तें आहे त्यास कोणाच्या दारीं जावें लागत नाहीं. ही त्याची खरी सोय, आणि आमच्या मतें त्याची खरी हानिही तीच.

हें उत्तर घेऊन आम्ही आबांकडे गेलों, आणि कांहींशा समाधानानें त्यांस तें सांगितलें. त्यांनीं सारें ऐकून घेतलें. मग विचारलें, "आणि हाक मारून कुणी आलंच न्हाई तर?"

त्यानंतर त्यांनीं जें सांगितलें तें त्यांनीं आम्हांस पूर्वीं कधीं सांगितलें नव्हतें. १९७८ सालच्या जुलै महिन्याच्या अखेरीस विधिमंडळानें मराठवाडा विद्यापीठास डॉ. आंबेडकरांचें नांव देण्याचा ठराव केला, आणि त्यावरून मराठवाड्यांत दंगे झाले. परभणी व नांदेड जिल्ह्यांत खेडोपाडीं दलितांच्या वस्त्यांवर हल्ले झाले, घरें जाळलीं गेलीं. नामांतर होण्यास पुढें १९९४ साल उजाडावें लागलें. त्या पावसाळ्यांत आबा फौजेंत होते, घरापासून शेंकडों कोस दूर. आई व धाकटी बहीण घरीं होत्या. रात्रीं छपरास आग लागली तेव्हां आईनें हाका मारल्या. गांवांतून कोणी आलें नाहीं. "गावाचं सोडा, पाळकसाहेब," आबा म्हणाले, "आपल्या वस्तीचीबी दारं उघडली न्हाईत. भ्यालेली माणसं, त्यांना तरी काय बोलायचं? माय पोरीला घेऊन ज्वारीत बसली, सकाळपावतर, पावसात. मी तिकडं देशाची राखण करीत व्हतो." म्हणून फौजेंतून आल्यावर पहिल्या वर्षांत त्यांनीं तें रिव्हॉल्व्हर घेतलें.

आम्ही पुष्कळ वेळ कांहीं बोललों नाहीं. ज्यांच्या हाकेस नेहमीं कोणी ना कोणी आलें आहे, त्यांनीं शेजारधर्माचा उपदेश करणें सोपें आहे. आमच्या आवारास भिंत आहे व फाटकावर पगारी राखणदार आहे. आमचें रिव्हॉल्व्हर तो आहे, फक्त त्याला तेल द्यावें लागत नाहीं. तरी शेवटीं आम्ही विचारलें कीं, आबा, त्या रात्रीं तुम्ही घरीं असतां आणि हें तुमच्या हातीं असतें, तर काय झालें असतें?

"काही न्हाई," ते लगेच म्हणाले. "सहा गोळ्यांनी जमाव थांबत न्हाई, हे मला शिकवलंय. उलट समदी वस्ती जाळली असती." मग थोडें थांबून म्हणाले, "पण झोप लागते."

हा खरा हिशोब. नाग तीस वर्षांत तीन, बैल एक. परंतु झोप रोजची. त्या जुन्या लोखंडानें तीस वर्षें जें काम खंड न पडतां केलें तें हें. इतर सर्व कामें अधूनमधून घडलीं, व तीं सांगावयास बरीं पडतात. एखाद्या माणसाच्या झोपेविरुद्ध काय लिहावें, हें आम्हांस धर्मशिक्षणशाळेंत कोणीं शिकविलें नाहीं. आमच्या तरुण उपदेशकांनीं मात्र तेथेंच उठून आबांचे पाय धरले. तें आम्हांस सुचलें नव्हतें.

यापुढील हकीकत आमच्या विचाराची नाहीं, घडलेली आहे. त्या वर्षीं ऑक्टोबरच्या मध्यास विधानसभेच्या निवडणुकीची आचारसंहिता लागली, आणि परवान्याचीं शस्त्रें ठाण्यांत जमा करण्याचा हुकूम आला. आबांनींही आपलें रिव्हॉल्व्हर नेऊन दिलें व पावती घेतली. पहिल्या चार रात्रीं त्यांचा डोळा लागला नाहीं, असें घरच्या बाई सांगतात. शिवारांत तुरीस शेंगा धरण्याचे दिवस, पेरलेला हरभरा नुकता वर आलेला, आणि डुकरांचा कळप तर ठरल्यासारखा आला. पांचव्या दिवशीं आबा वस्तींत घरोघर गेले व म्हणाले कीं, माझ्यापाशीं आतां काहीं नाहीं, रात्रीं कोणी सोबत या. चार पोरें आलीं. दुसऱ्या रात्रीं बांधापलीकडच्या शेतकऱ्याचा मुलगा आला. तो गांवांतला, वस्तींतला नव्हे. परंतु त्याची तूर आबांच्या तुरीस लागूनच आहे, आणि डुकरें बांध ओळखीत नाहींत. त्यांनीं सामाईक बांधावर चार मेढी पुरून माळा बांधला. पोरांस गोफण नीट येत नव्हती; आबांनीं ती वळावयास व फिरवावयास शिकविली. आम्ही एक रात्र तेथें गेलों होतों. मोबाइलवर गाणीं चाललीं होतीं, बांधापलीकडच्या घरून चहाची किटली आली होती, आणि डबे वाजविण्यांत पोरांस राखणीपेक्षां मजाच अधिक वाटत होती. पहाटे आम्ही पाहिलें तों आबा माळ्यावर घोरत होते आणि पोरें जागीं होतीं.

२० नोव्हेंबरास मतदान झालें, २३ तारखेस निकाल लागले, आणि कांहीं दिवसांनीं रिव्हॉल्व्हर परत मिळालें.

जानेवारींत आम्ही पुन्हां त्या बाजूस गेलों. हरभरा फुलावर होता. माळा तसाच उभा होता, पण त्यावरचें गवत उडून गेलें होतें व खालीं राख थंड होती. वाटेंत त्या चार पोरांपैकीं एक भेटला. राखणीस आतां जात नाहीं काय, असें आम्ही विचारलें. तो म्हणाला, "आबाचं ते आलंय ना परत. आता आमचं काय काम?"

आबांस आम्ही तें सांगितलें. ते म्हणाले, "मी बोलावलं न्हाई त्यांना." आणि कांहीं वेळानें, "बोलावायला पायजे व्हतं का?"

त्यांच्या परवान्याची मुदत यंदा संपते. अर्ज आतां संगणकावर भरावयाचा असतो, तरी त्याचा मसुदा दर वेळीं आम्हीच लिहून देत आलों आहों. शस्त्र कशासाठीं हवें, असा त्यांत एक रकाना आहे. मागच्या खेपेस आम्ही तेथें विचार न करतां 'स्वसंरक्षणासाठीं' असें लिहिलें होतें. या खेपेस तो कागद पंधरा दिवस आमच्या मेजावर पडून आहे, आणि आबांनीं त्याविषयीं एकदांही विचारलेलें नाहीं.